‘ॲमास’ प्रश्नावली: अकरावीला गणित सोडण्याआधी पाच मिनिटं

दहावीनंतरच्या अभियोग्यता चाचणीत ‘संख्यात्मक क्षमता कमी’ असं आलं की घरचे गणित सोडायला निघतात. गुण कमी का आले, हे मात्र अहवाल सांगत नाही. घड्याळ लावलं की घाबरणाऱ्या मुलाचं अर्धं लक्ष भीतीतच अडकतं आणि येणारी गणितंही सुटत नाहीत. येत नाही की भीती वाटते, याची फोड करायला हॉप्को आणि सहकाऱ्यांची 2003 मधली ‘ॲमास’ ही गणिताची भीती मोजणारी छोटी प्रश्नावली चांगली. याच कामाच्या 1972 च्या ‘मार्स’ प्रश्नावलीत 98 प्रश्न होते, इथे नऊच. प्रत्येकाला 1 ते 5 गुण.

एकूण बेरीज जवळजवळ निरुपयोगी. पाच प्रश्न शिकतानाच्या भीतीचे, चार परीक्षेच्या. ते वेगळे मोजा. दोन मुलांची बेरीज 27, पण एकाचे शिकण्याचे 9 आणि परीक्षेचे 18, दुसऱ्याचे 19 आणि 8, तर उपाय वेगळे. पहिल्याला अभियोग्यता चाचणीतला संख्यात्मक विभाग वेळ न लावता पुन्हा द्या. बहुतेक उत्तरं बरोबर आली तर क्षमता आहे. (हे गुण पर्सेंटाइलमध्ये धरू नका, पर्सेंटाइलचं कोष्टक वेळ लावूनच बनवलेलं असतं.) दुसऱ्याचे अपूर्णांक आणि ऋण संख्या तपासा. कच्चेपणा बरेचदा सातवी-आठवीतला निघतो, आणि तिथे वेगात पळणारा क्लास लावला की भीती आणखी वाढते.

उणिवा आहेत. ठरलेला कटऑफ नाही. ‘तिशीच्या वर म्हणजे आर्ट्स’ असं कुणी सांगितलं तर तो त्याचा स्वतःचा शोध. पुस्तकामागचे तक्ते वापरण्याचा प्रश्न लॉग टेबल न पाहिलेल्या मुलाला परका वाटतो, समजावून द्यावा लागतो. पालक शेजारी नकोत. अभियोग्यता चाचणीनंतर भरून घेतली तर त्या पेपरचा धसकाच मोजला जातो, म्हणून आधी घ्या.

गणित सोडल्यावर वास्तुकला, अभियांत्रिकीच्या बहुतेक वाटा, एनडीएतलं हवाई दल आणि नौदल बंद होतं. कॉमर्सला सुटका होते म्हणावं, तर सीए फाउंडेशनला 100 गुणांचा क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड हा पेपर आहे, चुकीला पाव गुण वजा. मानसशास्त्रातही संख्याशास्त्र येतंच. क्षमता ठीक आणि भीती फक्त परीक्षेची असेल, तर अकरावीला बायोबरोबर गणितही ठेवावं. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात, पण चुकीला गुण कापत नाहीत; अशा मुलाला हे आधीच सांगा.