ओहोटीची फेरी जरूर घ्यावी, सभागृह टाळावे

अमावास्येच्या आसपास जुहूच्या किनाऱ्यावर एक लहानशी संस्था ‘समुद्राची रहस्ये आणि त्यांमागचे विज्ञान’ असा कार्यक्रम करते. पुढे काही टीकाही येणार असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. कार्यक्रमाचे दोन भाग आहेत : संध्याकाळी पाच ते साडेसात ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेरी आणि त्यानंतर जवळच्याच सभागृहात तासाभराचे सादरीकरण. दोन्हींचे मिळून माणशी बाराशे रुपये, आणि नुसत्या फेरीचे आठशे. पौषातल्या अमावास्येला, रविवारी, मी आणि माझा अकरा वर्षांचा भाचा बाराशेवाले तिकीट काढून गेलो होतो.

अमावास्याच का, याचे उत्तर फेरीच्या आरंभीच मिळाले, आणि ते मार्गदर्शक मुलीने नव्हे, तर तिच्यासोबत आलेल्या एका वयस्क कोळी काकांनी दिले. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा त्यांचा हिशेब. अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेपाचच्या सुमारास पाणी सर्वांत मागे. चंद्र आणि सूर्य एका रेषेत असल्याने या दिवशी पाणी इतर दिवसांपेक्षा अधिक ओसरते, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात, आणि अंधार पडल्यावर चांदणेही नसते. भरती-ओहोटीचे कोष्टक आता फोनवर मिळते हे खरे, पण तोंडी हिशेबाने वेळ काढून ती समोरच्या पाण्याशी ताडून पाहण्यात जी खात्री वाटते, ती कोष्टकात नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी सर्वांना पाय घासत चालायला शिकवले गेले. 2013 च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी अनेक भाविकांना पाण्यात ‘काहीतरी’ चावले होते, ते अनेकांना आठवत असेल. ते चावणे नव्हतेच. पाकट हा मासा उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून बसतो, आणि त्याच्यावर पाय पडला की शेपटी उचलून तिच्यावरचा काटा रुतवतो. पाय घासत गेल्यास त्याला आधीच चाहूल लागते आणि तो निघून जातो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, कारण त्या विषातील प्रथिने उष्णतेने निकामी होतात. त्यानंतर डॉक्टरांकडे जावे, हेही सांगितले गेले. पैसे घेऊन लोकांना पाण्याजवळ नेणाऱ्या प्रत्येकाने ही पाच मिनिटे खर्च करायला हवीत.

फेरीचा सर्वांत चांगला भाग एका शिंपल्याभोवती घडला. किनाऱ्यावर सापडणाऱ्या काही शिंपल्यांना टोकाजवळ एक नेमके गोल भोक असते, जणू कोणी गिरमिटाने पाडले असावे. लहानपणी आम्ही असे शिंपले शोधून त्यांची माळ ओवत असू, आणि ते भोक कोणी पाडले असा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नव्हता. भोकाची बाहेरची कड रुंद आणि आतली अरुंद असते हे मार्गदर्शक मुलीने आधी भाच्याला बोटाने चाचपायला लावले, आणि मगच मून स्नेल या शंखातल्या गोगलगायीची गोष्ट सांगितली. ती शिंपल्याला आपल्या रुंद मांसल पायात धरते, एका विशेष अवयवातून आम्ल सोडून कवच मऊ करते, दातेरी जिभेने ते खरवडते, आणि आरपार भोक पडले की आतला जीव खाऊन टाकते. म्हणजे आमची माळ ही शिकारीच्या उरलेल्या खुणांची होती. थोड्याच अंतरावर वाळूत शर्टाच्या कॉलरसारखी वळलेली, रबरासारखी लवचीक पट्टी पडली होती, आणि गटातील दोघांनी ती प्लास्टिकचा कचरा समजून उचलायलाही घेतली. ती त्याच गोगलगायीची अंडी होती : मादी चिकट द्रवात वाळू कालवून स्वतःभोवती ही कॉलर घडवते, आणि पिल्ले बाहेर पडली की ती आपोआप विरून जाते. किनारा स्वच्छता मोहिमांत अशा किती कॉलरी पोत्यात गेल्या असतील, हा विचार तेव्हा मनात येऊन गेला.

खडकातील एका डबक्यात तळहाताएवढा ऑक्टोपस होता. आम्ही वाकलो त्या क्षणी तो तपकिरी होता, आणि पुढच्या क्षणी शेवाळलेल्या दगडाच्या रंगाचा झाला. त्याच्या त्वचेत रंगाच्या सूक्ष्म पिशव्या असतात, प्रत्येक पिशवीभोवती स्नायू असतात, आणि ते मज्जातंतूंच्या हुकमाने ताणले जातात. म्हणूनच रंग बदलायला सेकंदही लागत नाही. यावर भाच्याने विचारले की त्याला आजूबाजूचा रंग दिसतो कसा. तेव्हा त्या मुलीने जे उत्तर दिले, त्यासाठीच मी हे परीक्षण लिहायला बसलो. ऑक्टोपसच्या डोळ्यांत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी एकाच प्रकारच्या असतात, त्यामुळे आपल्या अर्थाने तो रंगांधळा ठरतो; त्याच्या त्वचेतही प्रकाशाला प्रतिसाद देणारी प्रथिने असल्याचे 2015 मध्ये आढळले आहे; पण या सर्वांतून तो रंग नेमका कसा जुळवतो, याचे पक्के उत्तर अजून मिळालेले नाही, असे तिने सरळ सांगितले.

सव्वासातच्या सुमारास सर्वांनी विजेऱ्या बंद केल्या. जाहिरातीतील छायाचित्रांत लाटा विजेच्या दिव्यासारख्या निळ्या दिसतात. प्रत्यक्षात तसे काही दिसणार नाही, याची तयारी ठेवावी. कॅमेरा कित्येक सेकंदांचा प्रकाश एकत्र साठवतो, डोळा तसे करत नाही. पण डबक्यात हात फिरवल्यावर बोटांमागे जी फिकट निळसर ठिणग्यांची रेघ उमटली, ती मला त्या छायाचित्रांपेक्षा अधिक आवडली. हा नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव, मोहरीच्या दाण्याहून लहान. पाण्याच्या हालचालीने त्याच्यावर ताण पडला की पेशीत आम्लता वाढते, ल्युसिफेरिन या द्रव्याची विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने प्राणवायूशी क्रिया होते, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ प्रकाश चमकतो. अरबी समुद्रातील नॉक्टिल्युकाच्या पोटात हिरवे सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न पुरवते. हिवाळ्यात त्याची बेसुमार वाढ होते, तेव्हा दिवसा पाणी हिरवे दिसते. मासे त्याला फारसे खात नाहीत, जेलीफिश मात्र खातात. त्यामुळे ज्या लखलखाटाचे फोटो आपण कौतुकाने पाठवतो, तो मच्छीमाराच्या दृष्टीने शुभ असतोच असे नाही. काकांनी यावर नुसती मान हलवली.

यानंतरचे सभागृह हा मात्र रसभंग होता. गूढ संगीत, काळा पडदा, आणि जहाजे गूढपणे नाहीशी होतात म्हणून गाजलेला अटलांटिक महासागरातला बर्म्युडा त्रिकोण. तो भाग गर्दीच्या जलमार्गांचा आणि वादळांचा आहे, आणि तिथे तुलनेने अधिक जहाजे बुडतात असे दिसलेले नाही, एवढे एक वाक्य पुरले असते. पंचवीस मिनिटे लागली नसती. त्यानंतर ‘ब्लूप’ : 1997 मध्ये दक्षिण प्रशांत महासागरात अमेरिकी संस्थेच्या पाण्याखालील ध्वनिग्राहकांनी टिपलेला प्रचंड आवाज. ‘तो कोणत्या महाकाय प्राण्याचा, हे आजही कोणाला ठाऊक नाही,’ असे निवेदकांनी सांगितले. ते चूक आहे. त्याच संस्थेने पुढे अंटार्क्टिकाजवळ प्रचंड हिमखंड तडकतानाचे आवाज नोंदवले आणि ब्लूपही त्याच जातीचा असल्याचे स्पष्ट केले. अर्ध्या तासापूर्वी किनाऱ्यावर उत्तर नसलेल्या प्रश्नाला उत्तर नाही म्हटले गेले होते, आणि इथे उत्तर असलेल्या प्रश्नाचे उत्तर लपवले जात होते. भाचा मात्र निवेदकांवर खूश होता, हे नमूद करायला हवे.

वाईट याचे वाटते की खरोखर सांगण्यासारखे गूढ याच समुद्रात होते. जानेवारी 1995 मध्ये सोमालियाजवळून जाणाऱ्या ‘लिमा’ या जहाजावरील लोकांनी क्षितिजापर्यंत दुधासारखा पांढरा, न लुकलुकणारा समुद्र पाहिला. दहा वर्षांनी संशोधकांनी जुन्या उपग्रहचित्रांत सुमारे 15,400 चौरस किलोमीटरचा तोच उजेड शोधून काढला. हा नॉक्टिल्युका नव्हे, बहुधा जिवाणू. एकेकटा जिवाणू चमकत नाही. परस्परांची रासायनिक चाहूल घेत पुरेशी दाटी झाली की मगच सारे एकदम उजळतात, आणि त्यामुळे तो प्रकाश स्थिर असतो. ही माहिती त्या मुलीने मला पाय धुताना नळाजवळ दिली. सभागृहात तिला बोलायला दिले गेले नाही.

फेरीतही उणिवा आहेत. पंचवीस माणसांमागे एकच मार्गदर्शक असल्याने मागच्यांना काही ऐकू जात नाही. संख्या बारावर आणावी. दगड उलटला की तो तसाच परत ठेवायचा आणि कोणताही जीव हातात घ्यायचा नाही, हा नियम मात्र कसोशीने पाळला जातो. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात, म्हणून बंद बूट घालावेत, आणि ते पुन्हा कधी कोरडे होतील ही अपेक्षा सोडावी.

फेरीला पाचपैकी साडेचार, सादरीकरणाला एक. नोंदणीच्या अर्जात ‘केवळ फेरी’ हा पर्याय सर्वांत खाली, बारीक अक्षरांत दिला आहे; तो शोधून निवडावा.