पेटी चरखा घ्यावा का? वापरून सांगते

बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच लिहिते. पेटी चरखा म्हणजे गांधीजींनी १९३० च्या आसपास येरवडा जेलमध्ये असताना ज्याच्यावर डोकं लावलं तो, म्हणून येरवडा चक्र पण म्हणतात. दोन चाकं, मोठं हाताने फिरवायचं, त्याच्या माळेवर (म्हणजे चाकांवरून फिरणारी दोरी) छोटं फिरतं आणि छोट्यावरून चाती (सूत जिच्यावर पिळलं आणि गुंडाळलं जातं ती बारीक सळई), त्यामुळे तुम्ही निवांत फिरवलं तरी चाती भन्नाट पळते. मिटवला की ब्रीफकेस, प्रवासात एकदम सोयीचा.

मी ऑनलाइन मागवला, दुकानाचं नाव नको. लाकूड बरं आहे, बिजागऱ्या ठीक, पण चाती वाकडी आली आणि सोबतचा कागद बघून काही म्हणजे काही कळत नाही. वाकडी चाती थरथरते आणि सूत सारखं तुटतं, नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये.

खरं काम केलं ते आमच्या भागातल्या कताईच्या ग्रुपने. रविवारी जमतात, फी वगैरे काही नाही, आपापले पेळू (कातायच्या कापसाच्या वळलेल्या वाती) आणायचे, कमी पडले तर शेजारचा देतो. तिथल्या एका आजींनी चाती काचेवर लोळवली, कुठे उडतेय ते बघितलं आणि लाकडी हातोडीने टुकटुक करून सरळ केली. माळेला गाठ मारायची नाही, टोकं सुईने शिवायची, कारण गाठ चातीवरून गेली की दरवेळी धक्का बसतो, हे पण त्यांनीच सांगितलं. आता हे कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं हो?

हातमागावर विणणारे एक काका पण येतात, ते जरा खडूस आहेत पण ऐकण्यासारखं बोलतात. ताण्याला (कापडातले उभे धागे) पीळ जास्त लागतो कारण मागावर ओढ आणि घासणं तोच सोसतो, बाण्याला (आडवे धागे) थोडा कमी चालतो. ताजा धागा ताणून मग सैल सोडायचा, तो स्वतःभोवती किती गुंडाळतो त्यावरून पीळ बघायचा. माझ्या सुताला त्यांनी "बाण्याला चालेल" म्हटलं, मी तर जाम खूश! उलट त्यांना धागा लांब ओढून बारीक कातणं जमत नाही, ते आजींकडून शिकतायत आणि बदल्यात आजींना छोट्या फ्रेमवर विणायला शिकवतायत, दोघं भांडतात पण खूप.

स्पीडची अपेक्षा ठेवू नका. खादीत गुंडी म्हणजे १००० मीटर सूत, सुरुवातीला ती भरेपर्यंत मान दुखते. रोज थोडं कातलं तर हात बसतो.

माझ्याकडून चरख्याला ५ पैकी ३, ग्रुपला ५. जवळपास कातणारं कुणीच नसेल तर आधी साधी टकळी (हाताने गरगर फिरवून कातायची छोटी चाती) घ्या, स्वस्त पडते. आणि पेटीच घेणार असाल तर जास्तीची चाती आणि माळ ऑर्डरमध्येच मागून घ्या, नंतर सुटे पार्ट मिळवायला लय फिरावं लागतं.