स्केअरक्रो व्हिडिओ, सिएटल: इथे अजून कॅसेट भाड्याने मिळते

सिएटलकडच्या मराठी मंडळींपैकी किती जण इथे गेलेत माहीत नाही, कारण तळ्यापलीकडचे बेलव्ह्यू-रेडमंडवाले आपण वीकेंडला कॉस्टको आणि फार तर एखादा ट्रेल, त्यापलीकडे हलत नाही. पण युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टमधे रूझवेल्ट वे वर हे व्हिडिओचं दुकान आहे आणि ते चक्क चालू आहे, १९८८ पासून. व्हीएचएस कॅसेट, डीव्हीडी, ब्लू-रे, लेझरडिस्क सगळं धरून सुमारे दीड लाख टायटल्स!

आत गेल्यावर पहिले काही वेळ काहीच सुधरत नाही. रॅकच्या रॅक, त्यात एक भाग दिग्दर्शकांच्या नावाने लावलेला, एक देशांप्रमाणे, आणि सायकोट्रॉनिक नावाचा एक विभाग आहे त्यात जगातले सगळे येडे पिक्चर कोंबलेत. मला सगळ्यात आवडलं ते काउंटर. काय बघायचंय ते मोघम सांगा, समोरचा माणूस विचारात पडतो, मग एकदम उठून कुठल्यातरी कोपऱ्यात जातो. आमच्या डोंबिवलीच्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याची आठवण आली, तो वहीत नाव लिहिता लिहिता मान वर न करता सांगायचा "हा नको नेऊस, प्रिंट बेकार आहे", आणि कॅसेट रिवाइंड न करता परत दिली की ओरडायचा. तेव्हा व्हीसीआर पण भाड्यानेच, अख्ख्या मजल्याची वर्गणी काढून, एका रात्रीत तीन पिक्चर उरकायचे, मधेच हेड खराब झालं की कोणीतरी करकरीत नोट घेऊन साफ करायला बसायचा. असो, ते पुराण पुन्हा कधीतरी.

पण फक्त जुन्या आठवणींसाठी जायचं असेल तर ओरेगॉनला बेंडमधे ब्लॉकबस्टर या व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या जुन्या साखळीचं जगातलं शेवटचं दुकान आहे, तिथे जा, टी-शर्ट घ्या, फोटो काढा. स्केअरक्रोची गोष्ट वेगळी आहे, इथे खरंच काम होतं. एका ओटीटीवर मी वॉचलिस्टमधे टाकलेला पिक्चर महिनाभरात गायब, दुसरीकडे शोधला तर तिथेही नाही. ते होणारच, कारण अ‍ॅपवाल्यांचे हक्क मुदतीचे असतात, करार संपला की पिक्चर गेला, आणि जुन्या पिक्चरमधल्या गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत याचा घोळ असला तर तो मुळात येतच नाही. दुकानाचं तसं नाही. अमेरिकन कायद्यात एकदा विकत घेतलेली डिस्क किंवा कॅसेट भाड्याने द्यायला परत कोणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे रॅकवर आली ती आली. बरेच पिक्चर तर व्हीएचएसनंतर कधी डीव्हीडीवर आलेच नाहीत, ते बघायचे तर कॅसेटच.

आता यातून पैसे सुटतात का? नाहीच सुटत. २०१४ मधे दुकानाची नॉन-प्रॉफिट संस्था केली, २०२४ मधे तर १८ लाख डॉलर जमवायचं आवाहन करावं लागलं. नेटफ्लिक्सनेही १९९८ मधे सुरू केलेली पोस्टाने डीव्हीडी पाठवायची सर्व्हिस सप्टेंबर २०२३ मधे बंदच केली ना. उलट स्केअरक्रो पोस्टाने भाड्याने देतं, म्हणजे टेक्सास न्यूजर्सीवाल्यांनाही चान्स आहे, टपाल यायला वेळ लागतो एवढंच.

त्रास म्हणाल तर आहे. आपल्या साइडने तळ्यावरच्या ५२० पुलाचा टोल, मग पार्किंग शोधा, आणि मुख्य म्हणजे परत द्यायला तेवढंच अंतर पुन्हा. त्यापेक्षा लाइट रेलच्या यू डिस्ट्रिक्ट स्टेशनला उतरून चालत जा. दुर्मिळ मालाला डिपॉझिट मागतात, त्यावर नाक मुरडू नका. पोरांना नेलंत तर तास धरून चाला, आमची कन्या नुसती कव्हरं वाचत बसली होती आणि हलायला तयार नव्हती.

माझ्याकडून पाचात साडेचार. अर्धा त्या टोलसाठी कापला. जाणार असाल तर दोन-तीन घरांनी मिळून जा, एकाने आणायचं, दुसऱ्याने परत द्यायचं, आणि घरी डीव्हीडी प्लेयर आहे का ते आधी बघा, लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो आता.