जुन्या गाडीत आफ्टरमार्केट ईसीएम : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले आणि त्यानंतर तीनच आठवड्यांत माझी २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक मिसिंग करू लागली. स्कॅनरने पी०६०६, म्हणजे ईसीएमच्या (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या) प्रोसेसरमधील दोषाचा कोड दाखवला. फ्यूज, मेन रिले आणि अर्थिंग तपासल्याशिवाय केवळ या कोडवर विसंबून ईसीएम बदलू नये. ते सारे तपासून झाल्यावर कनेक्टर काढला, तर तीन पिनांवर हिरवट थर चढलेला होता आणि त्यांतील एक पिन नखाने टोकरताच तुटून हातात आली.

कंपनीच्या नव्या ईसीएमची किंमत २९,००० रुपये सांगण्यात आली. नाना पेठेत त्याच पार्ट नंबरला चालणारा आफ्टरमार्केट, म्हणजे दुसऱ्या उत्पादकाचा, ईसीएम ११,५०० रुपयांना मिळाला. तो बसवणे अर्ध्या तासाचे काम आहे. मनस्ताप झाला तो प्रोग्रॅमिंगमध्ये.

पहिल्या गॅरेजमध्ये बॅटरीला चार्जर न जोडताच फ्लॅशिंग, म्हणजे ईसीएममध्ये सॉफ्टवेअरची फाइल लिहिणे, सुरू केले गेले. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना मध्येच रेडिएटरचा पंखा फिरू लागला, व्होल्टेज ११.६ पर्यंत उतरले आणि लॅपटॉपवरील पट्टी ६२ टक्क्यांवर जी थांबली ती थांबलीच. त्यानंतर स्कॅनरला ईसीएम सापडेना. ‘साहेब, पीसच डुप्लिकेट दिसतोय,’ असे मला ऐकवण्यात आले. दुसऱ्या कारागिराने तोच ईसीएम टेबलावर उघडला, १३.५ व्होल्टचा स्थिर पुरवठा देऊन फाइल पुन्हा लिहिली आणि तो पूर्ववत चालू झाला. पीसमध्ये काहीच दोष नव्हता.

पुढची अडचण इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेची होती. इंजिन सुरू होई, दोन सेकंद चाले आणि बंद पडे. मीटरवर चावीचे चिन्ह लुकलुकत राही. चावीतील चिपची ओळख पटवणारा कोड नव्या ईसीएममध्ये नव्हताच. सुदैवाने जुन्या ईसीएमची मेमरी चिप पाण्यापासून वाचली होती. त्यातून तो कोड आणि चेसिस नंबर वाचून नव्यात भरल्यावर दोन्ही चाव्या चालल्या. जुना ईसीएम मी आधीच भंगारात दिला असता, तर चाव्या नव्याने जुळवून घेण्याचा खर्च अंगावर पडला असता. या सगळ्या कामाचे त्या दुसऱ्या कारागिराने ४,५०० रुपये घेतले, आणि मला ते जास्त वाटले नाहीत.

सुरुवातीचे काही दिवस गाडीचे रनिंग वरखाली होत होते. थ्रॉटलचे लर्निंग करून घेतल्यावर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी पंधरा मिनिटे चालू ठेवल्यावर, ते बरेच सुधारले; मात्र फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधनाच्या प्रमाणात करत असलेली वाढ-घट, +१३ टक्क्यांवरच अडून होता. मॅप (इंधनाचे प्रमाण ठरवणारा ईसीएममधील तक्ता) चुकीचा असावा असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात काम करताना व्हॅक्यूमचा एक बारीक पाइप सैल राहिला होता आणि तेथून ओढल्या जाणाऱ्या जास्तीच्या हवेची भरपाई ईसीएम इंधन वाढवून करत होता. पाइप नीट बसवल्यापासून तो आकडा ±४ च्या आत आहे.

आतापर्यंत ६,२०० किलोमीटर झाले. कात्रजचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये पूर्वीसारखाच चढतो आणि शहरातील अ‍ॅव्हरेज १५ च्या आसपास, म्हणजे होते तेवढेच आहे. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.०५ टक्के आला. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. पिकअप वाढवणारा मॅप टाकून देण्याची तयारी कारागिराने दाखवली होती, पण एवढ्या जुन्या इंजिनाला ती हौस कशाला, म्हणून मी नकार दिला.

एक तक्रार उरली आहे. सिग्नलला उभे असताना एसीचा कॉम्प्रेसर लागला की आरपीएम क्षणभर साडेसहाशेपर्यंत घसरतो आणि स्टिअरिंग थरथरते. मूळ ईसीएमवर हे होत नव्हते. फाइलमध्ये दुरुस्ती करता येईल, असे कारागीर म्हणतो. उन्हाळा सुरू होण्याआधी एक शनिवार काढून, या वेळी बॅटरीला चार्जर जोडलेला आहे हे स्वतः पाहूनच, मी गाडी त्याच्याकडे देणार आहे.