संघ विक्रीला निघाला, आता आशा कशाची धरायची? ट्विन्स, ओरिओल्स आणि आणखी काही संघांची तुलना

१० ऑक्टोबर २०२४ ला मालक पोलाड कुटुंबाने मिनेसोटा ट्विन्स हा अमेरिकेतला बेसबॉल संघ विकण्याचा विचार सुरू असल्याचं जाहीर केलं. शेवटच्या ३९ सामन्यांपैकी २७ हरून संघाने जवळपास हातात आलेलं प्लेऑफ नुकतंच घालवलं होतं आणि टार्गेट फील्ड या घरच्या मैदानावर ‘संघ विका’ अशा घोषणा झाल्या होत्या. त्यामुळे बातमी येताच चाहत्यांनी संभाव्य मालकांची नावं घ्यायला सुरुवात केली. सर्वांत पुढे होतं शिकागोच्या जस्टिन इश्बिया यांचं, कारण फिनिक्स सन्स या बास्केटबॉल संघात त्यांचा हिस्सा होता आणि पैशाला तोटा नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये इश्बिया ट्विन्सकडे पाठ फिरवून शिकागो व्हाइट सॉक्समधला आपला हिस्सा वाढवायला गेले. १३ ऑगस्ट २०२५ ला पोलाड कुटुंबाने सांगितलं की संघ विकणार नाही, फक्त दोन नवे भागीदार गट अल्पांश हिस्सा घेतील. दहा महिन्यांचे अंदाज एका निवेदनात संपले.

असा काळ आपल्या संघावर आला की चाहत्याला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. कोणत्या प्रकारच्या मालकाची इच्छा धरायची, आणि चित्र स्पष्ट होईपर्यंत सीझन तिकिटाचे पैसे भरायचे की थांबायचं. गप्पा मात्र सगळ्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: खरेदीदार किती श्रीमंत आहे? माझ्या मते हा तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, मैदानाचा करार कधी संपतो. दुसरा, खरेदीचं कर्ज शेवटी कोणाच्या डोक्यावर बसतं. हे का म्हणतो, ते पुढच्या उदाहरणांवरून कळेल.

आयपीएल पाहणाऱ्यांसाठी एक फरक आधी सांगायला हवा. तिथे लिलावाची थैली सर्व संघांना सारखी असते. २०२५ च्या मोठ्या लिलावात ती १२० कोटी रुपये होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी त्यापलीकडे जाता येत नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये पगारखर्चाला अशी पक्की मर्यादाच नाही. एका रकमेच्या वर गेलं की लक्झरी टॅक्स लागतो, २०२५ मध्ये ती रेषा २४.१ कोटी डॉलरवर होती, पण कर भरायची तयारी असेल तर कोणी अडवत नाही. खालच्या बाजूलाही सक्ती नाही, त्यामुळे मालकाने हात आखडता घेतला तर तोही चालतो. म्हणूनच बेसबॉलमध्ये मालक कोण, याचा परिणाम थेट मैदानावर दिसतो आणि चाहते या चर्चेत इतके जीव तोडून पडतात.

विकला गेलेला संघ आणि न विकलेला संघ

शेजारी ठेवून पाहायला ट्विन्स आणि बाल्टिमोर ओरिओल्स यांच्याइतकी चांगली जोडी दुसरी नाही. दोन्ही शहरं मध्यम आकाराची. दोन्ही संघ एका माणसाने घेतले आणि पुढे मुलांच्या हाती गेले. कार्ल पोलाड या बँकरने १९८४ मध्ये सुमारे ४.४ कोटी डॉलरना ट्विन्स घेतला. पीटर अँजेलोस या वकिलाने १९९३ मध्ये दिवाळखोरीच्या लिलावात १७.३ कोटी डॉलरना ओरिओल्स. दोन्हीकडची मैदानं देखणी आणि मुख्यतः जनतेच्या पैशातून उभी राहिलेली. टार्गेट फील्डसाठी हेनेपिन काउंटीतले, म्हणजे त्या मैदानाच्या जिल्ह्यातले, लोक ०.१५ टक्के विक्रीकर भरत आले आहेत.

किंमतही जवळपास तीच. ओरिओल्स १७२.५ कोटी डॉलरना गेला. ट्विन्सच्या नव्या भागीदारांनी पैसे घातले ते संघाची किंमत सुमारे १७५ कोटी धरून, अशा बातम्या होत्या. टॅम्पा बे रेजही २०२५ मध्ये १७० कोटींच्या आसपासच विकला गेला.

बाल्टिमोरमध्ये घटना ज्या क्रमाने घडल्या, तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अँजेलोस कुटुंबात २०२२ मध्ये भावाभावांत कोर्टकचेरी झाली आणि संघ गाव सोडून जाईल की काय, ही भीती लोकांत पसरली. डिसेंबर २०२३ मध्ये कॅमडन यार्ड्स या ओरिओल्सच्या मैदानाचा ३० वर्षांचा करार झाला. परिसराच्या विकासाचं जमलं नाही तर पंधरा वर्षांनी बाहेर पडायची एक वाट त्यात ठेवलेली आहे, तरीही संघ तिथेच राहणार हे बऱ्याच काळासाठी पक्कं झालं आणि मैदानाच्या नूतनीकरणासाठी राज्याचे ६० कोटी डॉलर मोकळे झाले. त्यानंतर जानेवारी २०२४ च्या अखेरीस विक्रीची बातमी आली. म्हणजे खरेदीदाराच्या हाती स्थिर घर असलेला संघ पडला. हे खरेदीदार डेव्हिड रुबेनस्टाइन बाल्टिमोरमध्येच वाढलेले, टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्याचा मुलगा, कार्लाइल या गुंतवणूक कंपनीचे सहसंस्थापक. त्यांच्या गटात ओरिओल्सचे जुने खेळाडू कॅल रिपकेन ज्युनियरही आहेत. ज्या शहराने रिपकेनला सलग २,६३२ सामने खेळताना पाहिलं, तिथे या एका नावाने जो विश्वास मिळाला तो पैशाने मिळाला नसता. पहिल्याच उन्हाळ्यात रुबेनस्टाइन स्वतः पाण्याची नळी घेऊन डाव्या बाजूच्या प्रेक्षकांना भिजवायला उभे राहिले, तेव्हा लोकांना मालक पहिल्यांदाच आपल्यातला वाटला.

मैदानावर काय झालं? २०२४ मध्ये ९१ विजय आणि प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटीकडून लगेच हार. कॉर्बिन बर्न्स हा अव्वल पिचर (चेंडू टाकणारा) वर्षभरातच ॲरिझोनाला गेला. २०२५ मध्ये ८७ पराभव झाले आणि मे महिन्यातच मॅनेजरला काढलं गेलं. मोठा खर्च दिसला तो डिसेंबर २०२५ मध्ये, पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी १५.५ कोटी डॉलर दिले तेव्हा. जुन्या मालकाच्या काळात वाढलेले खेळाडू, जुना व्यवस्थापक आणि आधीचे करार यांच्यासह संघ मिळतो, त्यामुळे नव्या मालकाचा ठसा उमटायला दोन हंगाम तरी लागतात. मालक बदलला की पुढच्याच एप्रिलपासून दिवस पालटतील, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता ट्विन्स. पोलाड कुटुंबाला कंजूष म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. जानेवारी २०२३ मध्ये याच कुटुंबाने कार्लोस कोरेयाला सहा वर्षांसाठी २० कोटी डॉलर दिले. त्याच वर्षी संघाने २००४ पासून चाललेली प्लेऑफमधल्या सलग १८ पराभवांची साखळी तोडली आणि टोरांटोला हरवून मालिका जिंकली. त्या ऑक्टोबरमध्ये टार्गेट फील्डवर जो आवाज झाला, तो ऐकलेल्यांना वाटलं की आता गाडी रुळावर आली. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात पगारखर्च सुमारे ३ कोटी डॉलरने कापला गेला. स्थानिक टीव्ही प्रसारणाचा करार डळमळीत झाला होता, हे एक कारण. दुसरं कारण पुढे बाहेर आलं: बातम्यांनुसार संघावर ४० कोटी डॉलरहून जास्त कर्ज साचलं होतं.

या कर्जामुळेच मी जुलै २०२५ च्या घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहतो. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपतानाच्या त्या काही दिवसांत ट्विन्सने दहा खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले. क्लोजर, म्हणजे सामन्याच्या शेवटी येणारा पिचर, योआन डुरान फिलाडेल्फियाला, ग्रिफिन जॅक्स टॅम्पाला, आणि कोरेया परत ह्यूस्टनला, तोही त्याच्या पगाराचा काही भार स्वतः उचलून. चाहत्यांनी अंदाज बांधला की नव्या मालकासाठी घर रिकामं करून ठेवलंय. दोन आठवड्यांत कळलं की नवा मालक येणारच नाही. तो हंगाम ९२ पराभवांनी संपला.

मग भागीदार घेण्याचा हा मार्ग चाहत्यांसाठी वाईटच का? मला तसं वाटत नाही. नव्या पैशातून कर्ज फेडलं जाणार असेल, तर पूर्ण विक्रीतला सर्वांत धोक्याचा भाग, म्हणजे खरेदीसाठी काढलेलं नवं कर्ज, टळतो. दगडापेक्षा वीट मऊ, एवढं म्हणता येईल. पण निर्णय घेणारं कुटुंब तेच राहिलं, हे दुखणं उरतंच, आणि ‘संघ विका’ म्हणणाऱ्यांचा राग मला रास्त वाटतो.

श्रीमंत मालक, कर्जबाजारी मालक

सर्वांत खोल खिशाचा मालक मागणाऱ्यांसमोर न्यूयॉर्क मेट्सचं उदाहरण असतं. स्टीव्ह कोहेन यांनी २०२० मध्ये २४० कोटी डॉलरना संघ घेतला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी दिले. तरीही २०२३ मध्ये विक्रमी पगारखर्च करून मेट्स ७५ सामनेच जिंकले, आणि २०२५ मध्येही प्लेऑफ हुकलं. वर सांगितलेला अलोन्सो मेट्सचाच; संघाच्या इतिहासात सर्वाधिक होमरन त्याच्या नावावर आहेत आणि तो या श्रीमंत मालकाकडून बाल्टिमोरला गेला. माझी निवड विचाराल तर मी असा मालक नाकारणार नाही. दर हिवाळ्यात आशा जिवंत राहते, हे थोडं नाही. फक्त विजयाची हमी त्यात नाही.

उलट टोकाला मायामी मार्लिन्स. तेव्हाचे मालक जेफ्री लोरिया यांच्यावर तिथले लोक इतके चिडले होते की कोणीही चालेल पण हे नकोत, अशी अवस्था होती. २०१७ मध्ये ब्रूस शर्मन आणि यांकीजचे माजी तारांकित खेळाडू डेरेक जीटर यांच्या गटाने १२० कोटींना संघ घेतला. जीटरसारखं नाव, मग आणखी काय हवं? पण संघ घेताना पैशांची इतकी ओढाताण झाली होती की पहिलं काम खर्च कमी करण्याचं निघालं. त्याच वर्षी ५९ होमरन मारून सर्वोत्तम खेळाडू ठरलेला जियानकार्लो स्टँटन यांकीजना दिला गेला. मार्सेल ओझुना सेंट लुईसला. ख्रिश्चन येलिच मिलवॉकीला, आणि पुढच्याच वर्षी तिथे तोही सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१८ मध्ये मायामीत अख्ख्या हंगामात साडेआठ लाखही प्रेक्षक आले नाहीत. आगीतून फुफाट्यात पडणं याहून वेगळं नसतं. जीटर स्वतः २०२२ मध्ये बाहेर पडले. खरेदीदाराचं नाव कितीही लाडकं असो, पैसे कुठून आले हे आधी विचारायचं, हा धडा मी मायामीकडून घेतला आहे. लॉस एंजेलिसमध्ये हेच आधी घडलं होतं. फ्रँक मॅकोर्ट यांनी २००४ मध्ये कर्जाच्या बळावर डॉजर्स घेतला आणि २०११ मध्ये संघ दिवाळखोरीत गेला. पुढच्या वर्षी गुगनहाइम गटाने तो घेतला आणि २०२०, २०२४, २०२५ अशी तीन विजेतेपदं आली.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. सहाराने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर मोजून पुणे वॉरियर्स घेतला आणि फ्रँचायझी शुल्काच्या वादात २०१३ मध्ये संघच संपला. गहुंजेच्या मैदानावर जाणाऱ्यांचा त्यात काय दोष होता?

आपल्या गावचा मालक हवा?

ही मागणी सगळीकडे असते आणि मनाला पटते. रुबेनस्टाइन यांच्याबाबतीत ती बरोबरही ठरली. पण ओकलंड ॲथलेटिक्स गावाबाहेर नेणारे जॉन फिशर त्याच परिसरातले, म्हणजे बे एरियातलेच, सॅन फ्रान्सिस्कोतल्या गॅप कंपनीच्या कुटुंबातले. याउलट १९९२ मध्ये सिॲटल मरिनर्स टॅम्पाला जाण्याच्या बेतात असताना तो वाचवला निन्टेन्डो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीच्या हिरोशी यामाउची यांनी, क्योटोत बसून. परदेशी मालक म्हणून त्यांना आधी विरोध झाला होता. संघ सिॲटलमध्येच राहिला.

ओकलंडमध्ये चाहत्यांनी जे केलं ते मला कधी विसरता येणार नाही. १३ जून २०२३ ला, एरवी रिकाम्या पडणाऱ्या कोलिझियम या घरच्या मैदानावर २७,७५९ लोक हिरवे ‘विका’ टीशर्ट घालून आले. प्रेक्षक नाहीत म्हणून संघ हलवावा लागतोय, हा दावा त्यांनी एका संध्याकाळीत खोडून काढला. आणि त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासमधल्या नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या मदतीला मंजुरी दिली. कोलिझियमचा करार २०२४ मध्ये संपत होता. घर सोडायला मोकळ्या असलेल्या मालकापुढे प्रेक्षकांच्या हातात काहीच उरत नाही, हे त्या दिवशी दिसलं. नोव्हेंबरमध्ये इतर मालकांनी एकमताने स्थलांतर मान्य केलं. कोणतीही विक्री किंवा स्थलांतर व्हायचं तर तीस मालकांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात आणि ती मतं चाहत्यांकडे नसतात.

पैसे भरायचे की थांबायचं

मैदानाचा करार दहा वर्षांहून जास्त उरला असेल, तर विक्रीच्या बातम्यांनी घाबरून तिकीट सोडू नका. ट्विन्सचा करार २०१० पासून ३० वर्षांचा आहे. मालक कोणीही असो, उन्हाळ्याच्या संध्याकाळी टार्गेट फील्डवर सामना असणारच. मात्र ८१ सामन्यांचं पूर्ण तिकीट घेण्याऐवजी वीसेक सामन्यांचं पॅकेज घ्यावं, कारण जुलैअखेर अर्धा संघ बदललेला असू शकतो. करार दोन-तीन वर्षांत संपत असेल, तर एकेका सामन्याचंच तिकीट घ्या आणि लक्ष संघापेक्षा नगरपालिकेच्या आणि राज्याच्या मैदानविषयक निर्णयांवर ठेवा. तिथे मतदार म्हणून तरी आपलं कोणी ऐकतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगो पाड्रेसच्या सायडलर कुटुंबानेही विक्रीसह सर्व पर्याय तपासत असल्याचं जाहीर केलं. त्यांची गोष्ट ट्विन्सच्या नेमकी उलटी आहे. पीटर सायडलर यांनी मध्यम शहराच्या संघावर मोठ्या शहरासारखा खर्च केला आणि २०२५ मध्ये पेटको पार्क या संघाच्या मैदानावर ३४ लाखांहून जास्त लोक आले. त्यांच्या निधनानंतर हा संघ कोणाच्याही हाती गेला तरी तिथल्या चाहत्याने मायामीचा २०१७ चा हिवाळा डोळ्यांसमोर ठेवावा. नव्या मालकाच्या पत्रकार परिषदेत विजेतेपदाची आश्वासनं दिली जातील. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: खरेदीतला किती पैसा उसना आहे?