पेगन लग्नाचा आहेर: झाड, पेटी, पेला की स्फटिक?

ब्रिटनमधल्या एखाद्या सहकाऱ्याच्या किंवा शेजारणीच्या लग्नपत्रिकेवर 'हँडफास्टिंग' हा शब्द दिसला, तर ते लग्न पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपातल्या निसर्गपूजक श्रद्धा नव्याने मानणाऱ्यांच्या, पद्धतीचं असण्याची शक्यता मोठी. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म 'पेगन' असा लिहिला, आणखी १३ हजारांनी 'विक्का' (पेगनांतलाच, चेटूकविद्या मानणारा एक पंथ). अशा लग्नाला मी पहिल्यांदा गेले तेव्हा आहेर ठरवण्यातच दोन आठवडे गेले. तेव्हा आणि नंतर जे पटलं, ते इथे मांडते आहे.

विधी आपल्याला परका वाटत नाही. दोघांचे हात एकमेकांत देऊन त्यांवर दोरी किंवा फिती गुंडाळतात आणि गाठ मारतात. उपरण्याची आणि शालूची गाठ पाहिलेल्या माणसाला आणखी सांगायला नको. मग दोघं एकाच पेल्यातून पितात, पुष्कळदा मीड, म्हणजे मधापासून केलेलं मद्य. शेवटी जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काटक्यांच्या झाडूवरून हात धरून उडी मारतात. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे तो क्षण मला जड गेला. पण त्यांच्या लेखी ती उडी म्हणजे नव्या संसारात टाकलेलं पाऊल.

एक व्यवहाराची गोष्ट. स्कॉटलंडमध्ये पेगन विधीने लागलेलं लग्न कायदेशीर ठरू शकतं. इंग्लंड-वेल्समध्ये नुसत्या हँडफास्टिंगला कायद्याची मान्यता नाही, म्हणून जोडपी नोंदणी कार्यालयात वेगळी सही करतात. दोन्हीकडचं बोलावणं आलं तरी आहेर एकच, आणि तो हँडफास्टिंगला न्यावा. त्यांच्या मनातलं लग्न तेच असतं.

आधी हे विचारा

पेगन या एका नावाखाली बरेच पंथ येतात, तेव्हा जोडपं कोणत्या पंथाचं ते आधी विचारा. विक्का १९५०च्या दशकात जेराल्ड गार्डनर यांच्यामुळे लोकांसमोर आला. ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१मध्ये रद्द झाल्यावरच ते उघडपणे शक्य झालं. ड्रुइड मंडळींना झाडं आणि झरे पवित्र. हीदन म्हणवणारे ओडिन, थॉर या उत्तरेकडच्या देवांना मानतात. पाच टोकांची चांदणी विक्कन जोडप्याला जवळची, हीदन जोडप्याच्या घरी तीच चुकीच्या पत्त्यावर आलेली वस्तू. म्हणून धर्मचिन्हं द्यायचीच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. विधीत वापरायचा काळ्या मुठीचा सुरा, अथामे, तर मुळीच नको. तो ज्याचा त्याने निवडायचा असतो. धूप म्हणून जाळायच्या पांढऱ्या सेजच्या जुड्याही टाळा: ती वनस्पती कॅलिफोर्नियाच्या बाजूची, तिथल्या मूळ रहिवाशांच्या विधींतली, आणि तिची जंगलातून चोरटी तोड होते.

झाड की पेटी?

माझ्या मते खरी निवड या दोनांतच आहे.

झाडाच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट ही, की ते कुठल्याही पंथाच्या जोडप्याला चालतं. रोवन हे स्कॉटलंडमध्ये घराचं रक्षण करणारं झाड मानतात, दाराशी लावायची रीत जुनी आहे. पण ते उंच वाढतं, त्याला बाग हवी. सफरचंद जास्त सोयीचं. ते आडवं कापलं की बियांची पाच टोकांची चांदणी दिसते, आणि काही विक्कन लग्नांत दोघं ते अर्धं-अर्धं खातात. सॉमरसेट, डेव्हनकडे जानेवारीत सफरचंदाच्या बागेत जाऊन झाडांना गाणी म्हणण्याची, मुळाशी सायडर, म्हणजे सफरचंदाचं मद्य, ओतण्याची प्रथा अजून पाळतात. म्हणजे या आहेराला दरवर्षीचा एक सणही आपोआप मिळतो.

निवडताना खुंटरोप, म्हणजे कलम ज्या मुळांच्या रोपावर बांधतात ते, कोणतं ते बघाच. 'एम-२७' खुंटावरचं कलम पाच-सहा फुटांवर थांबतं आणि मोठ्या कुंडीतही जगतं. 'एमएम-१०६'वरचं बारा फुटांच्या आसपास जातं. बहुतेक जातींना फळ धरायला जवळ दुसऱ्या जातीचं सफरचंद लागतं, तेव्हा शेजारच्या बागांवर एक नजर टाका. अडचण वेळेची: उघड्या मुळांची स्वस्त रोपं नोव्हेंबर ते मार्चमध्येच लावतात, आणि ही लग्नं बहुधा उन्हाळ्यात. मग लग्नाच्या दिवशी पत्र द्यायचं आणि हिवाळ्यात रोप स्वतः घेऊन जायचं. मी तसंच केलं. थंडीत तिघांनी मिळून खड्डा खणला, ती दुपार मला लग्नाच्या दिवसाइतकीच आठवते.

पण जोडपं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असेल, तर झाड म्हणजे ओझं. तिथे पेटी. विधीतली दोरी नंतर सोडत नाहीत, गाठीसकट जपून ठेवतात, आणि ती कशात ठेवायची याचा विचार पुष्कळांनी केलेला नसतो. सावंतवाडीची हाताने रंगवलेली लाकडी पेटी यासाठी फार शोभते. फुलापानांचं काम असलेली घ्या, देवादिकांची चित्रं असलेली नको. आतून रुंद हवी. गाठ दाबून बसवावी लागली तर सगळा अर्थच गेला. वाटल्यास तळाशी खणाचं कापड घाला. पेटीला जागा लागत नाही, घर बदललं तरी ती सोबत जाते. झाडाला हे जमत नाही.

पेला

स्कॉटिश जोडपं असेल तर क्वेख उत्तम: दोन बाजूंना दोन कान असलेला बसका पेला, दोघांनी धरून प्यायचा. मात्र विधीसाठी त्यांनी तो आधीच घेतला असण्याची शक्यता असते, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. मीडची बाटली देण्याआधी दोघं मद्य घेतात का, हेही बघा.

स्फटिक

बहुतेक पाहुणे हेच आणतात, आणि जोडप्याकडे ढिगाने जमतात. कुठून आले हे दुकानदाराला सांगता येत नसेल तर घेऊ नका. मादागास्करच्या गुलाबी क्वार्ट्झमागे हाताने खणणाऱ्या गरिबांचे फार हाल आहेत. आपल्याकडून द्यायचाच तर दख्खनच्या बेसाल्टमधला द्या. जळगाव, नाशिक, पुणे भागात विहिरी खणताना, खडीच्या खाणींत जे अ‍ॅपोफायलाइट आणि स्टिल्बाइट सापडतात, ते जगभरच्या स्फटिकांच्या दुकानांत मानाने मांडलेले असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या पोकळ्यांत ते वाढले. 'हा माझ्या गावच्या जमिनीतला' असं सांगून दिलेला दगड ढिगात हरवत नाही. अ‍ॅपोफायलाइट ठिसूळ असतो, तापवला तर त्याचे पापुद्रे सुटतात. टपालाने पाठवू नका आणि मेणबत्तीजवळ ठेवू नका असं सांगा.

समई की गणपती?

समई. ज्यांच्या घरात ज्योतीला मान आहे तिथे पितळी समई सहज रुळते. सोबत वाती द्या आणि कशा लावायच्या ते दाखवा. गणपतीची मूर्ती मी देणार नाही. ती घरात आली की तिचं काही करावं लागतं, हे आपल्याला ठाऊक असतं, त्यांना नसतं. त्यांनी आपणहून मागितली तर गोष्ट वेगळी.

शुभेच्छापत्रावर 'ब्लेसेड बी' लिहायचा मोह टाळा. तो विक्कन मंडळींचा आपसातला शब्द आहे. त्याऐवजी मराठीत, आपल्या अक्षरात 'नांदा सौख्यभरे' लिहा आणि खाली त्याचा अर्थ त्यांच्या भाषेत. माझ्या मैत्रिणीने तो कागद दोरीच्या पेटीतच ठेवला आहे.