कुमरीची भीती घालून माझी घोडी नेली

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात म्हापशाजवळ एका वरातीमागे अडकलो. पुढे बँड, मधे घोडी, घोडीवर नवरदेव. मी स्कूटरवर बसून चरफडत होतो. वळणावर घोडीने मान फिरवली आणि डाव्या कानाच्या टोकाची खाच दिसली. माझी रत्ना! ऑगस्टमध्ये ‘आठवड्यात मागून बसेल, मग उठायची नाही’ असं ऐकून 12,000 रुपयांना दिलेली. चारी पायांवर मस्त चालत होती.

सारंगखेड्याच्या बाजारातून 85,000 रुपयांना आणली होती तिला, लग्नसराईसाठी. पेडण्याकडे आमचं घर, मागे गोठा. गाई एका बाजूला, रत्ना दुसऱ्या.

जुलैच्या अखेरीस पावसाने चार दिवस उसंत दिली नव्हती. सकाळी गोठ्यात गेलो तर उजवा मागचा पाय तिने उचलून धरलेला, फक्त खुराचं टोक जमिनीला. आदल्या संध्याकाळी व्यवस्थित होती. बायको म्हणाली, “अहो, सरकारी दवाखान्यात फोन तरी करा.” मी टेम्पोवाल्याला फोन केला, आणि त्याने घोड्यांचा एक ‘जाणकार’ पाठवला.

त्या माणसाने कंबरेवर दोन बोटं दाबली, घोडी दचकली (कुठलीही दचकेल), आणि म्हणाला, “भाऊ, कुमरी.” म्हणजे घोड्याचा मागचा भाग लुळा पाडणारा रोग. मग गाईंकडे बोट दाखवलं. गाईच्या पोटात एक बारीक जंत असतो, त्याची पिल्लं डासांमार्फत घोड्यात जातात आणि पाठीच्या कण्यात शिरतात. यातला शब्द न् शब्द खरा आहे, कुमरी तशीच होते. म्हणूनच मी फसलो. माझा गोठा, माझ्या गाई, पावसाळ्यातले डास, सगळं डोळ्यांसमोरच होतं की.

तीन इंजेक्शनं, प्रत्येकी 4,500 रुपये. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं. पहिल्या सुईनंतर संध्याकाळी रत्नाने पाय टेकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलला. तो म्हणाला, औषध लागू पडतंय, पण रोग जोरात आहे. तिसऱ्या सुईच्या दिवशी तो एक गिऱ्हाईक घेऊनच आला. सुई दिल्यावर दोन तासांनी घोडी टेम्पोच्या फळीवरून सरळ वर चढली. कण्यात जंत शिरलेलं जनावर फळी अशी चढतं का, हे तेव्हा सुचलं नाही.

वरातीत उतरून मी तिच्या पायाशी बसलो. बँडवाल्यांना वाटलं दारू चढलीय. उजव्या मागच्या खुरावर, केसांच्या ओळीपासून दोन बोटं खाली, एक आडवी चीर होती. मोबाइलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना दाखवला.

ते हसले नाहीत, ही त्यांची कृपा. खुरात पू झाला होता, म्हणाले. ओल्याने खूर मऊ पडतो, एखादा खडा किंवा घाण आत शिरते, पू साठतो आणि वाट मिळेल तिथून, बऱ्याचदा केसांच्या ओळीतून, फुटतो. तिथे पडलेली चीर खुराबरोबर खाली सरकत जाते. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. म्हणजे दोन बोटांचे चार महिने. हिशेब थेट ऑगस्टवर येतो. घोडं अचानक जबर लंगडू लागलं तर सगळ्यात आधी खुरातला पूच शोधायचा, म्हणाले. मी पहिल्याच दिवशी खूर उचलून हात फिरवला असता तर तो गरम लागला असता, घोट्यामागे नाडी ठणठण उडताना कळली असती. कुमरीत सहसा दुखत नाही. मागचा भाग झुलतो, खुरांची टोकं घासत जातात, वळताना तोल जातो. एक पाय वर धरून घोडं उभं राहतं ते दुखतंय म्हणून. आणि सुईने दिवसभर बरं वाटून पुन्हा लंगडणं, ही वेदनाशामकाची ओळख.

मागचा पाय लंगडतोय का, हे पाहायची रीतही त्यांनी दाखवली. कडक जमिनीवर दुडक्या चालीने चालवायचं, मागे उभं राहून पुठ्ठे बघायचे. दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. नुसती मान बघाल तर त्याच बाजूचा पुढचा पाय दुखतोय असं वाटेल.

सध्याच्या मालकाने तिला 60,000 ला घेतलं म्हणे, तो बिचारा निर्दोष. पोलीस ठाण्यात गेलो तर त्यांनी विक्रीचा कागद मागितला. ‘घोडी कुमरीने आजारी असून स्वखुशीने विकत आहे’, खाली माझी सही. मी तो तिथेच पहिल्यांदा नीट वाचला. टाइप केलेला होता, रोगाच्या नावासकट. आणि गिऱ्हाइकाने तो खिशातून काढला, तेव्हा त्याने रत्नाला अजून पाहिलंसुद्धा नव्हतं.